मामांचा सायलेन्सर

आमच्या कॉलनीत आमचं घर कुणी नंबरवरून शोधत नाही. चौकात उभं राहून "ते ट्रकवाले" एवढं म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याची मजा वाटायची. गेली दोन वर्षं मात्र कुणी तसं विचारताना दिसलं की मी मान खाली घालून पुढं निघून जात असे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते मूळचे कोडोलीचे. घरची शेती भावाभावांत वाटून गेली आणि हे तरुणपणीच ट्रकवर चढले. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःच्या गाडीचे मालक. हंगामात कारखान्याचा ऊस, एरवी गूळ, साखरेची पोती, विटा, मिळेल तो माल. त्यांच्या ट्रकवर घर उभं राहिलं आणि माझा नवरा इंजिनिअर झाला. माझं माहेर शिवाजी पेठेतलं. वडील शिक्षक होते, मीही कॉलेजात मराठी शिकवते. नवरा नोकरीला पुण्यात, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. त्यामुळं सासूबाई गेल्यानंतर घरात आठवडाभर आम्ही दोघंच, मी आणि मामा.

सासूबाई मोठ्या आवाजाच्या होत्या. मामांशी बोलताना तर त्या अक्षरशः ओरडत. "जेवायला बसा", "फोन वाजतोय", "पावणं आल्यात", सगळं त्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत. मला वाटायचं, बाईचा स्वभावच तसा, नवऱ्याला सुखानं बसू देत नाही. त्या गेल्यावर घर एकदम गप्प झालं आणि मामाही गप्प झाले. दुःख आहे, म्हणून आम्ही त्यांना एकटं राहू दिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी ट्रकचा सायलेन्सर बदलला. कंपनीचा काढून त्या जागी एक उघडं नळकांडं बसवून घेतलं. पहिल्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं वाजली. मी हातातलं लाटणं टाकून बाहेर पळाले, मला वाटलं काहीतरी फुटलं. मामा केबिनमध्ये बसून होते. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसत होतं.

आमची कॉलनी उतारावर आहे. ट्रक कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर उभा असतो आणि पहाटे निघताना सगळा उतार उतरून मोठ्या रस्त्याला लागतो. मामा जुने ड्रायव्हर, उतारावर पायाचा ब्रेक दाबत बसणं त्यांना पटत नाही. ते एक्झॉस्ट ब्रेक लावतात, म्हणजे इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं. साध्या सायलेन्सरमधून त्याचा नुसता फुसकारा ऐकू येतो. या उघड्या नळकांड्यातून मात्र दर खेपेला फटाक्यांची माळ लावल्यासारखा आवाज निघे. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळे त्या आवाजानं जागे होत.

आमच्या शेजारी निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांच्या पत्नीचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. समोरच्या घरात बाळंतीण. मी कॉलेजला निघाले की समोरची आजी कठड्याला टेकून उभी असायची. ती नुसती बघायची. ते बघणं मला दुपारच्या तासापर्यंत पुरत असे.

मग कॉलनीच्या ग्रुपवर सुरू झालं. आधी सभ्य भाषेत: "ज्यांच्याकडे अवजड वाहन आहे त्यांनी इतरांचा विचार करावा." मग कुणीतरी आवाजाचा व्हिडिओ टाकला. मग एकानं लिहिलं, "सुशिक्षित लोक आहेत घरात, तरी ही तऱ्हा." त्या वाक्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी ग्रुपवर होते. मामांच्या फोनवर हे काही येत नव्हतं, त्यांचा फोन साधा. म्हणजे आवाज मामांचा आणि बोलणी मला.

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. एकदा भाकरी थापता थापता पाठमोरीच म्हणाले, "मामा, तेवढा सायलेन्सर नीट करून घ्या की. लोकं नावं ठेवायला लागलेत." मागं वळून बघितलं तर ते शांतपणे जेवत होते. दुसऱ्या वेळी जरा जोरात म्हणाले, "मामा, शेजाऱ्यांना त्रास होतोय."

"न्हाय, भाकरी बास आता," ते म्हणाले आणि ताटावर हात आडवा धरला.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी ठरवून टाकलं, यांना माझ्याशी बोलायचंच नाही. मास्तराची पोरगी, नोकरी करणारी, हिला काय किंमत द्यायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई गेल्यापासून असंच आहे त्यांचं. माझ्याशी तरी कुठं बोलतात? सोड."

त्याच सुमारास शहरात पोलिसांची मोहीम सुरू झाली. फेरबदल केलेले सायलेन्सर लावून फिरणाऱ्या बुलेटवाल्यांना धरून त्यांचे सायलेन्सर काढून घेतले आणि ते रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोड रोलर फिरवला. पेपरात फोटो आला. आमच्या ग्रुपवर तो फोटो लगेच पडला आणि खाली कुणीतरी लिहिलं, "आता ट्रकचा नंबर." मी फोन उपडा ठेवला आणि वर्गावर गेले.

ट्रकचा नंबर त्याच आठवड्यात लागला. दुपारी मी कॉलेजातून निघायच्या तयारीत होते. मामांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज परका होता.

"हे ट्रकवाले तुमचे कोण?"

"सासरे. का, काय झालं?"

"वाहतूक शाखेतून बोलतोय. अडवलंय त्यांना. कागद दाखवा म्हणतोय, नाव विचारतोय, तर उत्तरच देत नाहीत. नुसते बघत उभे आहेत. एवढी मुजोरी बरी नव्हं. या तुम्ही."

मी स्कूटर काढली. एका मोठ्या दवाखान्याच्या अलीकडं, शांतता क्षेत्राचा बोर्ड आहे तिथंच ट्रक कडेला लावला होता. आजूबाजूला बघे जमले होते. मामा ट्रकच्या चाकापाशी दोन्ही हात खाली सोडून उभे होते. त्यांच्यापुढं एक तरुण अधिकारी, धुळीसाठी तोंडावर मास्क बांधलेला. तो बोलत होता आणि मामा त्याच्या कपाळाकडं बघत होते.

मी पुढं होऊन म्हणाले, "मी सून यांची."

माझ्या मागं एक दुचाकी थांबली. माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या. "मॅडम, काही झालंय का? हे कोण?"

"माझे सासरे आहेत," मी म्हणाले. तेवढं बोलताना माझे कान तापले. मुलींनी एकदा ट्रककडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि "बरं मॅडम" म्हणून निघून गेल्या.

अधिकारी मला सांगू लागला, "कंपनीनं दिलेला सायलेन्सर काढता येत नाही, मॅडम. कायद्यात बसत नाही ते. त्यात हा दवाखान्याचा परिसर. आणि हे उतारावरनं ब्रेक मारत आले, लोकांना वाटलं मिरवणूक आली. पोरांना आम्ही समज देतो. यांचं वय बघा. शोभतं का हे?" मग मामांकडं वळून तो मोठ्यानं म्हणाला, "शोभतं का आजोबा?"

मामा तसेच त्याच्या कपाळाकडं बघत राहिले. बघ्यांतला एक जण हसला. दुसरा म्हणाला, "म्हातारं लई टेचात हाय की."

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. मामांचा राग येत होता, एक "चुकलं" म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? तेवढ्यात अधिकाऱ्यानं पाणी प्यायला मास्क खाली ओढला. दोन घोट घेतले आणि तसंच उघड्या तोंडानं, आवाजही न चढवता विचारलं, "कुठनं आला गाडी घेऊन?"

"मार्केट यार्डातनं," मामा पटकन म्हणाले. "गूळ उतरवून आलो, सायेब."

अधिकारी चमकला. "आता कशी वाचा फुटली?" म्हणाला आणि मास्क वर ओढून पुढचा प्रश्न विचारला. मामांचा चेहरा पुन्हा कोरा झाला.

मी त्या मास्ककडं बघत राहिले. सासूबाईंचं ओरडणं मला आठवलं. भाकरीच्या ताटावर आडवा धरलेला हात आठवला. मी पाठमोरी राहून बोललेलं एकही वाक्य मामांपर्यंत पोचलं नव्हतं.

"साहेब, यांना..." मी सुरुवात केली.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार ते माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको. मग पुढं होऊन त्यांनी अधिकाऱ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं सायेब. मस्ती केली. दंड करा."

बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मुजोर म्हणवून घेणं त्यांना बरं वाटलं.

दंडाची पावती झाली. जुना सायलेन्सर बसवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं ठरलं. ट्रक तिथंच सोडून मामा माझ्या स्कूटरवर मागं बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसले असतील. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवून, मला धक्का लागू नये म्हणून मागं सरकून. कॉलनीचा चढ चढताना समोरची आजी कठड्याला होती. आज तिनं बघितलं नाही, मान वळवली.

घरात आल्यावर मी त्यांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसले. चेहरा त्यांच्याकडं ठेवून सावकाश म्हणाले, "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "येतंय की थोडं. डाव्या कानानं."

"कधीपासून?"

"लई दिस झालं. तुझी सासू हुती तवर काय अडलं न्हाय. ती सांगायची वरडून." "गाडीचं मातुर अवघड झालं. इंजिन बोलतंय बग, गिअर कवा टाकायचा ते त्येच सांगतंय. त्येचा आवाजच यीना झाला. दांड्याला हात लावून, थरथर बघून चालवत हुतो. एकदा चढाला गाडी बंद पडली, मागं सगळी लाईन लागली. लोकं शिव्या देत हुती म्हणं. मला त्याबी ऐकू आल्या न्हाईत."

"म्हणून सायलेन्सर काढला?"

"व्हय. आवाज मोठा केला की मला बेतानं ऐकू येतंय. मला वाटलं, मला बारीक ऐकू येतंय म्हंजे लोकास्नीबी बारीकच असंल." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोराला सांगू नगंस. त्यो गाडी बंद करंल. डायवर बहिरा म्हटल्यावर कोण माल देतंय?"

सासऱ्यानं सुनेपुढं असं बोलावं, आणि सुनेनं ते ऐकून बसावं, याची मला लाज वाटली. मी उठून चहा ठेवला. पण चहा देताना सांगितलं, कानाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय ट्रकवर चढायचं नाही. त्यांनी मान खाली घातली. या वेळी त्यांना ऐकू गेलं होतं.

डॉक्टरांकडं तपासणीची एक छोटी काचेची खोली होती. मामांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर मशीनपाशी एक मुलगी बसली होती, मी तिच्या मागं उभी होते. मामा काचेतून बघत होते. सुरुवातीला ठीक चाललं. मग मुलीचं बोट बटणावर नुसतंच हललं, तिनं कुठलाही आवाज सोडला नाही, तरी मामांनी दाबलं. पुन्हा तसंच. त्यांचे डोळे तिच्या बोटांवर होते. बोट हललं की ते दाबत होते. पास व्हायचं होतं त्यांना.

मुलीच्या लक्षात आलं. तिनं काही न बोलता एक पुठ्ठा घेऊन हाताआड उभा केला. त्यानंतर मामा बटण धरून नुसते बसून राहिले. काचेपलीकडं एक धिप्पाड माणूस, डोक्यावर हेडफोन, अंगठा तयार, आणि कुठूनच काही येत नाही. मी तिथून बाहेर जाऊन पायऱ्यांवर उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं इंजिनशेजारी बसून कानाच्या नसा गेल्यात. मशीन लावलं तर बोलणं ऐकू येईल. "पण जड वाहन आता नको. परवान्याच्या वेळी हे लपवता येणार नाही, आणि लपवूही नका. मागून कोण हॉर्न देतंय ते तुम्हाला कळत नाही." मी ते सगळं मामांना समोर बसून पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "समजलं मला. डाक्टरचं तोंड दिसतंय की."

शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगायच्या आधी मामांनीच सांगितलं. जेवण झाल्यावर ट्रकची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. "मला ऐकू यीत न्हाय. ठेव ही तुझ्याजवळ."

नवरा उठून अंगणात गेला. मी मागं गेले तर म्हणाला, "फोनवर ते नुसतं व्हय व्हय म्हणायचे. मला वाटायचं, लवकर ठेवायचाय त्यांना. म्हणून मीच लवकर ठेवायचो."

जुना सायलेन्सर गॅरेजवाल्याकडं पडून होता, तो बसवला. ट्रकवर कोडोलीचाच एक ड्रायव्हर ठेवला. पहाटे गाडी उतारावरून जाते ते आता कुणाला कळतही नाही. ग्रुपवर मोहिमेचं कौतुक झालं. "कायद्याचा बडगा बसल्याशिवाय काही लोक सुधारत नाहीत," असं शेजाऱ्यांनी लिहिलं. मी चार ओळी टाईप केल्या आणि मामांना दाखवून विचारलं, टाकू का? त्यांनी वाचायला चष्मा लावला, वाचलं आणि मान हलवली. "लोकास्नी वाईट वाटंल," म्हणाले. ज्यांनी नावं ठेवली त्यांना वाईट वाटेल याची काळजी हे का करतात, मला कळेना.

पण पंधरवड्यानं त्यांनी स्वतःच सांगितलं. शेजारी बँकवाले गेटपाशी उभे होते. मामा कानाला मशीन लावून बाहेर पडले होते. त्यांनी काही कारण नसताना थांबून म्हटलं, "पावणं, आवाजाचा लई तरास दिला तुमास्नी. मालकीणबाई आजारी हुत्या, माहीत न्हवतं मला. ऐकू येत न्हवतं ओ, म्हणून केलतं तसं."

शेजाऱ्यांचा चेहरा पडला. "अहो, नाही नाही," म्हणत ते आत गेले आणि थोड्या वेळानं बायकोला घेऊन परत बाहेर आले. दोघंही गेट धरून उभी राहिली. मामांनाच त्यांची कीव आली असावी. "बसा निवांत, मी मंडईत चाललोय," म्हणून ते उतार उतरू लागले.

त्यांच्या बहिरेपणाची आम्हाला सवय व्हायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ त्यांच्या ऐकण्याची सवय व्हायला लागला. घरात त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं आणि त्यांच्याविषयी हळू बोलायचं, अशी एक रीत आमच्यात कधी पडली ते आम्हालाही समजलं नाही. परवाच्या रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मामा खाली मान घालून जेवत होते. नवरा मला हळूच म्हणाला, "ड्रायव्हर तक्रार करतोय. रोज जाऊन गाडीपाशी उभे राहतात, किल्ली मागतात, नुसतं चालू करून बघू दे म्हणतात. गावाकडं ठेवूया का काही दिवस? इथं राहिले तर डोकं त्यातच राहणार त्यांचं."

मी म्हणाले, "गावाकडं कोण बघणार? तिथं मशीन काढून ठेवतील, मग कुणाशी बोलणार?" हे मी पातेल्यात डाव फिरवत, आवाज खाली ठेवूनच म्हणाले.

मामांनी घास खाल्ला. पाणी प्याले. मग कानामागं बोट लावून, आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मिशन चालू हाय. काढून ठेवू काय?"

नवरा ताटाकडं बघत बसला. मी "नको, मामा" म्हणाले, पण इतकं हळू की ते त्यांना ऐकू गेलं का नाही, सांगता येत नाही. त्यांनी मशीन काढलं नाही. त्यांनी पुढं केलेल्या ताटात मी आमटी वाढली.